स्पॅनिश स्ट्रायकरची कारकीर्द कशी वाचावी

एखाद्या स्ट्रायकरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्याने एकूण गोल किती केले? प्रश्न वावगा नाही, पण तो सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे. स्पेनमधील आघाडीपटूच्या बाबतीत तर तो शेवटीच विचारावा लागतो, कारण तिथली श्रेणींची उतरंड, मोठ्या क्लबांचे राखीव संघ, करारांविषयीचा कायदा आणि गोल मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धती यांमुळे एकाच आकड्याचे दोन खेळाडूंच्या बाबतीत दोन वेगळे अर्थ होऊ शकतात. एखाद्या स्पॅनिश स्ट्रायकरवर टिपण किंवा लेख लिहायचा असेल, किंवा सामना पाहताना समोरचा खेळाडू कुठून इथवर आला हे समजून घ्यायचे असेल, तर त्याच्या कारकिर्दीचा तक्ता कोणत्या क्रमाने वाचावा, हे पुढे सांगितले आहे.

सुरुवात नावापासून करावी. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात आणि खेळाडूच्या पाठीवर मात्र बहुधा टोपणनाव किंवा एकच शब्द असतो. राऊल म्हणजे राऊल गोन्सालेस ब्लांको, किनी म्हणजे एन्रिके कास्त्रो गोन्सालेस, तर होसेलू म्हणजे होसे लुईस सानमार्तिन मातो. जुन्या नोंदी शोधताना पूर्ण नाव हाताशी नसेल तर दोन वेगळ्या खेळाडूंचे गोल एकाच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो. नावासोबत जन्मतारीख जुळवून पाहिली की हा घोळ बहुतेक वेळा टळतो.

आधी श्रेणी, मग गोल

तक्त्यात क्लबच्या नावाशेजारी श्रेणीचा रकाना असतो आणि वाचक नेमका तोच ओलांडून पुढे जातो. स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे ज्याला आपण सर्रास ला लिगा म्हणतो तिथे, २० क्लब असतात आणि हंगामात ३८ फेऱ्या होतात. तिच्याखालच्या सेगुंदा दिविसियोनमध्ये २२ क्लब आणि ४२ फेऱ्या असतात. या दोन श्रेणी लीगच्या व्यावसायिक संघटनेकडे आहेत. त्यांच्याखालचा सारा डोलारा स्पॅनिश फुटबॉल महासंघ चालवतो. तिसऱ्या पायरीवर १९७७ ते २०२१ या काळात सेगुंदा बे ही श्रेणी होती, २०२१ पासून तिची जागा ४० क्लबांच्या प्रिमेरा फेदेरासियोनने घेतली. नावात ‘प्रिमेरा’ असले तरी ती तिसरी श्रेणी आहे, हे नव्या वाचकाने लक्षात ठेवलेले बरे. या नामकरणाने भल्याभल्यांचे तक्ते चुकवले आहेत.

श्रेणी पाहिल्याने काय फरक पडतो, हे दाविद व्हियाच्या पहिल्या काही हंगामांवरून चांगले कळते. अस्तुरियासमधल्या लांग्रेओ परिसरात १९८१ मध्ये जन्मलेला व्हिया स्पोर्टिंग गिहोनकडून सेगुंदामध्ये खेळत होता. तिथे २००१-०२ मध्ये त्याने लीगचे १८ आणि २००२-०३ मध्ये २० गोल केले. त्यानंतर तो रेयाल सारागोसाकडे गेला आणि २००३-०४ मध्ये, सर्वोच्च श्रेणीतील आपल्या पहिल्याच हंगामात, त्याने १७ गोल केले. नुसते आकडे ओळीने लिहिले तर १८, २०, १७ अशी किंचित घसरण दिसेल. प्रत्यक्षात त्या १७ गोलांनीच व्हिया कोण आहे हे स्पेनला सांगितले, कारण ते वरच्या श्रेणीत, ४२ ऐवजी ३८ फेऱ्यांत आणि नुकत्याच बढती मिळालेल्या संघाकडून झाले होते. त्याच हंगामात सारागोसाने रेयाल माद्रिदला ३-२ असे हरवून कोपा देल रे ही स्पेनची चषक स्पर्धा जिंकली आणि त्या अंतिम सामन्यातही व्हियाचा एक गोल होता.

याउलट फर्नांडो टोरेसचा तक्ता घ्या. फुएनलाब्रादाच्या या मुलाने २७ मे २००१ रोजी, वयाच्या १७व्या वर्षी, ॲटलेटिको माद्रिदकडून पदार्पण केले ते सेगुंदामध्ये, लेगानेसविरुद्ध. कारण २००० मध्ये ॲटलेटिकोची सर्वोच्च श्रेणीतून घसरण झाली होती. पुढच्या हंगामात संघ वर आला खरा, पण टोरेसच्या नावावर ३६ सामन्यांत जेमतेम ६ गोल होते. तेवढ्यावरून कोणी निष्कर्ष काढला असता तर तो सपशेल चुकला असता. २००३-०४ मध्ये, वीस वर्षांचा होता होता, त्याने सर्वोच्च श्रेणीत १९ गोल केले आणि तेव्हा तो संघाचा कर्णधारही होता. म्हणून १७-१८ वर्षांच्या स्ट्रायकरचे गोल मोजण्यापेक्षा त्याला किती सामने खेळवले गेले ते पाहावे. प्रशिक्षकाचा विश्वास त्या रकान्यात दिसतो, गोल मागाहून येतात.

राखीव संघांचा गुंता

स्पॅनिश क्लबांचे राखीव संघ त्याच श्रेणींच्या उतरंडीत इतर क्लबांबरोबर खेळतात. इंग्लंडप्रमाणे त्यांची वेगळी लीग नसते. रेयाल माद्रिदचा कास्तिया, ॲथलेटिक क्लबचा बिल्बाओ ॲथलेटिक, बार्सिलोनाचा बार्सा ॲटलेटिक, सेव्हियाचा सेव्हिया ॲटलेटिको हे सारे असेच संघ आहेत. त्यांच्यावर बंधने दोन: मुख्य संघ ज्या श्रेणीत असेल त्या श्रेणीत राखीव संघ जाऊ शकत नाही आणि १९९०-९१ पासून त्यांना कोपा देल रेमध्ये प्रवेश नाही. त्याआधी तो होता, आणि त्यातूनच १९८० मध्ये अंतिम सामना रेयाल माद्रिद विरुद्ध कास्तिया असा झाला. थोरल्यांनी धाकट्यांचा ६-१ असा फडशा पाडला. एकाच क्लबचे दोन संघ चषकासाठी झुंजले, हा प्रकार आता नियमानेच अशक्य आहे.

तक्ता वाचताना याचा उपयोग असा: राखीव संघाचे गोल मुख्य संघाच्या गोलांत कधीही मिळवू नयेत, पण ते दुर्लक्षूही नयेत. एमिलियो बुत्रागेन्यो ज्या कास्तियात होता त्या संघाने १९८३-८४ मध्ये चक्क सेगुंदाचे विजेतेपद पटकावले आणि त्याच हंगामात, फेब्रुवारी १९८४ मध्ये, त्याने काडिसच्या मैदानावर मुख्य संघातून पदार्पण केले. दोनच वर्षांनी मेक्सिकोतील विश्वचषकात त्याने केरेतारो इथे डेन्मार्कविरुद्ध चार गोल केले. कास्तियाचा रकाना वगळला तर हा खेळाडू आकाशातून पडल्यासारखा वाटेल.

खेळाडू मुख्य संघात कायमचा दाखल झाला की अजून राखीव संघाच्या नोंदणीवरच खेळतो आहे, हे ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे पाठीवरचा क्रमांक. १ ते २५ हे क्रमांक मुख्य संघात नोंदलेल्या खेळाडूंचे असतात. २६ किंवा त्यापुढचा क्रमांक दिसला तर तो मुलगा राखीव संघातून वर बोलावलेला आहे असे समजावे. एखाद्या हंगामात त्याच खेळाडूचे दोन्ही संघांकडून सामने असतील तर तक्त्यात दोन स्वतंत्र ओळी हव्यात.

राखीव संघातला मुलगा मुख्य संघाच्या अडचणीच्या वेळी कसा कामी येतो, याचे सेल्टा व्हिगोच्या चाहत्यांना तोंडपाठ असलेले उदाहरण म्हणजे ६ जून २००९ चा आलावेसविरुद्धचा सामना. सेल्टा तेव्हा सेगुंदामध्ये होता आणि तिथूनही खाली, सेगुंदा बेमध्ये घसरण्याच्या बेतात होता. मोआन्या गावचा इयागो आस्पास बदली खेळाडू म्हणून उतरला, त्याने दोन गोल केले, त्यांतला दुसरा भरपाई वेळेत, आणि सेल्टा २-१ असा जिंकला. तक्त्यात या दिवसाची नोंद ‘गोल २’ एवढीच दिसते, पण क्लबच्या इतिहासात त्या दोन गोलांचे वजन नंतरच्या कित्येक गोलांहून जास्त आहे. म्हणून संघ बढती किंवा घसरणीच्या उंबरठ्यावर असतानाचे सामने वेगळे काढून पाहण्याची सवय लावावी.

कराराचे आकडे

१९८५ च्या १००६ क्रमांकाच्या राजाज्ञेने स्पेनमधील व्यावसायिक खेळाडूला क्लबला भरपाई देऊन करार एकतर्फी संपवण्याचा हक्क दिला. ही भरपाई करारातच लिहून ठेवली जाते आणि बातम्यांत जी ‘करारमुक्तीची रक्कम’ येते ती हीच. कायद्याच्या नजरेत पैसे भरणारा खेळाडू असतो, व्यवहारात ते नवा क्लब देतो आणि ही रक्कम लीगच्या कार्यालयात जमा करण्याचा रिवाज आहे. बार्सिलोनाच्या नेमारसाठी २०१७ मध्ये त्याच्या नव्या क्लबच्या वतीने २२ कोटी २० लाख युरो भरायला गेलेल्यांना लीगने परत पाठवले आणि मग ती रक्कम थेट बार्सिलोनाकडे द्यावी लागली, हा त्यातला गाजलेला प्रसंग.

वाचकाने जपायचे ते इतकेच की, ही रक्कम म्हणजे खेळाडूची किंमत नव्हे. बार्सिलोनाने फेरान टोरेसला मँचेस्टर सिटीकडून घेतले ते सुमारे साडेपाच कोटी युरोंना, आणि करारात करारमुक्तीची रक्कम लिहिली १०० कोटी युरो. तो दुसरा आकडा इतर क्लबांना दूर ठेवण्यासाठीचे कुंपण आहे. लेखात दोन्ही आकडे द्यायचे असतील तर कोणता कशाचा, हे स्पष्ट लिहावे.

परत खरेदीचा हक्क हे आणखी एक कलम. रेयाल माद्रिदने आल्वारो मोराताला २०१४ मध्ये सुमारे दोन कोटी युरोंना युव्हेंटसला विकले, पण परत घेण्याचा हक्क राखून. २०१६ मध्ये सुमारे तीन कोटी देऊन त्याला परत आणले आणि वर्षभरात तो बऱ्याच जास्त किमतीला चेल्सीकडे गेला. त्या एका मधल्या हंगामात त्याने लीगच्या २६ सामन्यांत १५ गोल केले, त्यांतील अनेक सामन्यांत तो बदली म्हणून उतरला होता. मोराताच्या तक्त्यातील सततचे क्लबबदल पाहून ‘हा कुठे टिकत नाही’ असे म्हणण्याची घाई होते. मला ते अर्धवट वाचन वाटते; निदान पहिल्या दोन बदलांचा निर्णय रेयाल माद्रिदने लिहून घेतलेल्या कलमात आधीच दडलेला होता.

लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना, दिलेल्या खेळाडूच्या बाबतीत मूळ क्लब कोण आणि तो कोणत्या श्रेणीत, हेही पाहावे. होसेलू २०२३ मध्ये रेयाल माद्रिदला आला तो लोनवर, आणि त्याचा मूळ क्लब एस्पान्योल तेव्हा सेगुंदामध्ये घसरलेला होता. ८ मे २०२४ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध त्याला ८१व्या मिनिटाला उतरवले गेले. ८८व्या मिनिटाला एक आणि भरपाई वेळेत दुसरा असे दोन गोल करून त्याने संघाला अंतिम फेरीत नेले. कागदोपत्री तो त्या रात्री दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबचा खेळाडू होता.

आता गोल मोजावेत

इथे पहिली सावधगिरी स्रोताची. लीगमधील सर्वाधिक गोल करणाऱ्याला दिला जाणारा पिचिची पुरस्कार ‘मार्का’ या क्रीडा दैनिकाचा आहे. ॲथलेटिक क्लबच्या राफाएल मोरेनो ऊर्फ पिचिचीचे नाव त्याला दिलेले आहे. गोल कोणाच्या नावावर लिहायचा हे मार्का स्वतः ठरवते आणि ते पंचांच्या अहवालाशी जुळेलच असे नाही. २०१०-११ मध्ये क्रिस्टियानो रोनाल्डोचे मार्काच्या हिशेबात ४१ गोल होते, अधिकृत नोंदीत ४०. सप्टेंबर २०१० मध्ये रेयाल सोसिएदादविरुद्ध त्याने मारलेली फ्री किक सहकारी पेपेला लागून जाळ्यात गेली होती. पंचांनी गोल पेपेला दिला, मार्काने रोनाल्डोला. दोन ठिकाणी एका गोलाचा फरक आढळला तर एक स्रोत चुकीचा ठरवण्याआधी असा एखादा गोल शोधावा, आणि आपण कोणता हिशेब घेतला ते लेखात नमूद करावे. केवळ स्पॅनिश खेळाडूंची तुलना करायची असेल तर २००५-०६ पासून मार्काच देत असलेला, जुन्या काळच्या तेल्मो सारा या स्ट्रायकरच्या नावाचा ‘सारा’ पुरस्कार जास्त उपयोगी पडतो, कारण तो फक्त स्पॅनिश खेळाडूंसाठी आहे. आस्पासने तो २०१६-१७ ते २०१८-१९ असा सलग तीनदा जिंकला.

दुसरी सावधगिरी हंगामाच्या लांबीची. तेल्मो साराने १९५०-५१ मध्ये लीगचे ३८ गोल केले. १९८९-९० मध्ये मेक्सिकोच्या ऊगो सांचेसनेही रेयाल माद्रिदकडून ३८ केले. आकडा तोच, पण साराच्या वेळी १६ क्लब आणि ३० फेऱ्या होत्या, सांचेसच्या वेळी २० क्लब आणि ३८ फेऱ्या. १९९५ ते १९९७ या दोन हंगामांत तर सर्वोच्च श्रेणीतच २२ क्लब होते. म्हणून काळ ओलांडून तुलना करताना हंगामाचा एकूण आकडा न घेता सामन्यामागे किती गोल झाले ते काढावे.

त्याहून नेमके माप मिनिटांचे आहे. युरो २०१२ मध्ये सहा खेळाडूंचे प्रत्येकी तीन गोल झाले. फर्नांडो टोरेस आणि जर्मनीचा मारिओ गोमेझ यांच्या नावावर प्रत्येकी एक असिस्टही (सहकाऱ्याच्या गोलासाठी दिलेला पास) होता. सर्वाधिक गोलांसाठीचा सुवर्णबूट टोरेसला मिळाला, कारण तो १८९ मिनिटे खेळला होता आणि गोमेझ २८२. म्हणजे टोरेसचा दर ६३ मिनिटांना एक गोल असा पडतो. अर्थात हे माप छोट्या स्पर्धेत फसवेही ठरते: अंतिम सामन्यात, इटली थकलेली असताना, ७५व्या मिनिटाला उतरून त्याने एक गोल केला आणि हुआन माताला दुसरा करून दिला. ती पंधरा मिनिटे आणि बरोबरीत अडकलेल्या सामन्यातली पंधरा मिनिटे सारखी नसतात.

स्पर्धांनुसार फोड करणे आवश्यकच. आरित्झ अदुरिसने २०१५-१६ मध्ये ॲथलेटिक क्लबसाठी एकूण ३६ गोल केले, त्यांतले लीगमधले २०. उरलेले मुख्यतः युरोपा लीगमधले. शिवाय सुपरकोपा या स्पेनमधील हंगामारंभीच्या चषकलढतीच्या पहिल्या सामन्यात बार्सिलोनाविरुद्धची हॅटट्रिक होती आणि तो सामना ॲथलेटिकने ४-० असा जिंकला होता. बढतीसाठीच्या प्लेऑफमधले गोल लीगच्या गोलांत धरत नाहीत, तेही वेगळेच लिहावेत. पेनल्टीचे गोल वगळून दुसरा आकडा काढून ठेवावा; संघाचा पेनल्टी घेणारा बदलला की स्ट्रायकरचा हंगाम एकदम उजळतो किंवा झाकोळतो.

जागा, दुखापत, राष्ट्रीय संघ

तक्त्यात ‘स्ट्रायकर’ लिहिलेले असले तरी मैदानावर तो कुठे उभा राहत होता, हे सामन्यांच्या चित्रफितींतूनच कळते. २०१० च्या विश्वचषकात स्पेनने एकूण ८ गोल केले, त्यांतले ५ व्हियाचे; पण टोरेस मध्यभागी असला की व्हिया डावीकडून खेळत असे. राऊल तर मुख्य स्ट्रायकरच्या किंचित मागे वावरणारा. रेयाल माद्रिदसाठी ७४१ सामन्यांत ३२३ गोल हा त्याचा हिशेब त्या जागेवरून वाचला पाहिजे. युरो २०१२ चा अंतिम सामना स्पेनने सुरू केला तोच मुळी स्ट्रायकरविना, सेस्क फाब्रेगासला पुढे ठेवून. अशा काळात एखादा स्ट्रायकर राष्ट्रीय संघाबाहेर दिसला तर त्याचे कारण प्रशिक्षकाच्या रचनेत आहे का, हेही तपासावे.

तक्त्यातील रिकाम्या जागा बहुधा दुखापतीच्या असतात. डिसेंबर २०११ मध्ये जपानमधील क्लब विश्वचषकात व्हियाचा पाय मोडला आणि युरो २०१२ त्याच्या हातचा गेला. टोरेसच्या गुडघ्यावर २०१० मध्ये दोनदा शस्त्रक्रिया झाली. लिव्हरपूलसाठी लीगच्या १०२ सामन्यांत ६५ गोल करणारा हाच खेळाडू जानेवारी २०११ मध्ये पाच कोटी पौंडांना चेल्सीकडे गेला आणि तिथे ११० सामन्यांत २० गोलांवर थांबला. बदललेली खेळपद्धत, संघातील गर्दी ही कारणे होतीच, पण गुडघ्यांचा उल्लेख टाळून या दोन आकड्यांची तुलना करणे मला अन्यायाचे वाटते.

राष्ट्रीय संघाच्या गोलांत व्हिया ९८ सामन्यांत ५९ गोलांसह स्पेनमध्ये अव्वल आहे, राऊलचे १०२ सामन्यांत ४४. या रकान्यात वयाकडे आवर्जून पाहावे. अदुरिस पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१० मध्ये खेळला आणि दुसऱ्यासाठी त्याला मार्च २०१६ पर्यंत थांबावे लागले. इटलीविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने गोल केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅसेडोनियाविरुद्ध गोल करून स्पेनचा सर्वांत वयस्कर गोल करणारा ठरला. होसेलूचे पदार्पण ३३वा वाढदिवस दोन दिवसांवर असताना झाले आणि नॉर्वेविरुद्ध त्या पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले. स्पेनमध्ये स्ट्रायकर उशिरा पिकतात असा नियम यातून काढू नये, पण तिशीनंतरचे हंगाम शेपूट समजून गाळू नयेत, एवढे यावरून नक्की ठरते.

अखेरची ओळ

निवृत्तीची तारीख लिहिताना निवृत्तीची घोषणा आणि शेवटचा सामना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. अदुरिसने मे २०२० मध्ये, महासाथीमुळे लीग थांबलेली असताना, निवृत्ती जाहीर केली. डॉक्टरांनी त्याला लवकरात लवकर कृत्रिम खुबा बसवून घेण्याचा सल्ला दिला होता. त्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये बार्सिलोनाविरुद्ध ओव्हरहेड किकने सामना जिंकून देणाऱ्या ३८ वर्षांच्या या माणसाचा शेवटचा सामना त्याच्या घोषणेच्या कितीतरी आधी होऊन गेला होता. टोरेसचे उलट झाले: त्याने जून २०१९ मध्ये घोषणा केली आणि शेवटचा सामना ऑगस्टमध्ये, जपानच्या सागान तोसूकडून, विस्सेल कोबेविरुद्ध खेळला. व्हियाच्या बाबतीत तर हंगाम आणि वर्ष यांचाच मेळ बसत नाही. तो विस्सेल कोबेकडून शेवटचा सामना खेळला तो १ जानेवारी २०२० रोजी झालेला एम्परर्स कप या जपानी चषक स्पर्धेचा अंतिम सामना, पण ती स्पर्धा २०१९ च्या हंगामाची. अशा वेळी तक्त्यात हंगाम २०१९ लिहावा आणि तारीख स्वतंत्र द्यावी.